शेजारचं विरजण

हे मी स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून लिहिते आहे. चार ओळी झाल्या की अंगणात एक फेरी मारून येते, त्यामुळे कुठे दुवा तुटला तर सांभाळून घ्या. मला भीती वाटते आहे. कशाची, ते शेवटी कळेल. आधी हे सांगायला हवं की दीड वर्षापूर्वी अख्ख्या साताऱ्यात माझ्याइतकी आळशी बाई शोधून सापडली नसती.

आळशी म्हटलं की लोकांना राग येतो, मला येत नसे. तीस वर्षं दूध संघाच्या प्रयोगशाळेत उभी राहून काम केलं होतं, त्यामुळे निवृत्त झाल्यावर बसणं हा माझा हक्कच होता आणि तो मी मनापासून बजावत होते. आमच्या कॉलनीतून अजिंक्यतारा गड समोर दिसतो. रोज सकाळी खुर्चीत बसून चहा पिताना मी त्याच्याकडे बघायची. त्याचा माझा संबंध एवढाच.

पण त्या वर्षी चाळिशीपुढच्या प्रत्येकाच्या मनगटावर आरोग्यपट्टी आली. ही बया पावलं मोजायची आणि मोठ्याने बोलायची. भर हळदीकुंकवात, वीस बायकांसमोर ती म्हणाली, "उज्ज्वलाताई, आज फक्त तीनशे बारा पावलं झाली आहेत. चला, उठू या का?" तेव्हापासून मी ताक रवीने घुसळायला लागले. हात हलला की पट्टी ते पाऊल समजते, हा शोध माझा. पट्टीने मला शाबासकी दिली, पण रक्तातल्या साखरेने महिन्याभरात माझं पितळ उघडं पाडलं.

"फडतरे बाई, चालायला कधी सुरुवात करणार?" साखरेच्या डॉक्टरांनी विचारलं.

"उद्यापासून."

"हे तुम्ही दोन वर्षं सांगताय." त्यांनी एक चिठ्ठी लिहिली. "या महिनाभर घ्या. रोज एक. महिन्यानंतर मला विचारल्याशिवाय एकही घ्यायची नाही."

त्या कॅप्सूलचं नाव होतं 'चालना'.

तिच्यामागचं शास्त्र डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपल्याला वाटतं, अंगातली शक्ती संपली की थकवा येतो. खरं तर शक्ती शिल्लक असतानाच मेंदू आपल्याला थांबवतो, म्हणजे थकवा ही मेंदूने वेळेवर दिलेली सूचना असते. ही सूचना कुणाला लवकर मिळते, कुणाला उशिरा, आणि ते बरंचसं ठरतं पोटात. आतड्यात जे अब्जावधी जिवाणू राहतात त्यांतले काही, आपण हालचाल करू लागलो की एक स्निग्ध पदार्थ तयार करतात. तो आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना डिवचतो, ते मेंदूला निरोप धाडतात आणि मेंदूत डोपामिन हे रसायन जास्त वेळ टिकून राहतं. मग श्रम गोड लागतात. ज्यांच्या पोटात हे जिवाणू भरपूर, ते पहाटे टुणकन उठतात. ज्यांच्या पोटात नाहीत ते माझ्यासारखे 'उद्यापासून' म्हणतात. म्हणजे दोष माझा नव्हताच, माझ्या आतड्याचा होता. हे ऐकून मला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू!

कॅप्सूलमध्ये तोच गुण मुद्दाम घालून वाढवलेला एक दुधातला जिवाणू होता. तो पोटात कायमचा बिऱ्हाड करत नाही. बाहेरून पुरवठा थांबला की पंधरा दिवसांत निघून जातो.

दुधातला जिवाणू म्हटल्यावर माझे कान टवकारले. ज्या बाईने आयुष्यभर संघाच्या दह्याची विरजणं सांभाळली, तिला असला जिवाणू कॅप्सूलमध्ये सुकलेला कसा बघवेल? दुसऱ्याच दिवशी मी एक कॅप्सूल फोडली आणि कोमट दुधात टाकली. सकाळी दही लागलं होतं. सुरीने कापावं असं घट्ट, आणि त्याला हिरव्या काकडीचा किंचित वास होता. माझं नाक संघात प्रसिद्ध होतं. तो वास मी पुन्हा कुठेही ओळखला असता.

आठवड्याने मी चौकापर्यंत गेले, पंधरा दिवसांनी गडाच्या पायथ्यापर्यंत आणि महिन्याने गडावर. वर उभी राहून खाली सगळा सातारा बघितला आणि मला रडू आलं. अठ्ठावन्न वर्षांत असं हलकं कधी वाटलं नव्हतं. डॉक्टरांकडे मात्र मी परत गेले नाही. कशाला जायचं? विरजण घरात होतं.

आमच्या भिंतीला लागून शेडगे काका-काकूंचं घर. काका एसटीतून निवृत्त झालेले, एकाहत्तर वर्षांचे, हृदयात स्टेंट बसवलेला. काकू मूळच्या जावळीच्या. एका सकाळी त्या भिंतीपाशी वाटी घेऊन आल्या.

"उज्ज्वला, अगं आमचं इरजण नासलं बघ. वाईच दे की चमचाभर."

विरजण मागायला आलेल्या बाईला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. मी दिलं. त्यात काय आहे हे सांगितलं का? नाही. सांगितलं असतं तर त्यांनी नेलं नसतं, आणि चालायला लागून आजवर कुणाचं वाईट झालंय, असं मला तेव्हा अगदी मनापासून वाटत होतं.

शेडगे काकूंकडून ते मागच्या गल्लीत गेलं, तिथून शाळेच्या बाईंकडे, मंगल कार्यालयाच्या आचाऱ्याकडे. आणि इथे तीस वर्षांचा अनुभव असूनही मी जे विसरले ते सांगते. संघात आम्ही रोज कालच्या दह्यातून आजचं दही लावत नसू. ठरावीक दिवसांनी फ्रीजरमध्ये जपलेल्या मूळ विरजणाकडे परत जायचो, कारण जिवाणू रोज थोडेथोडे बदलतात. घरात मूळ विरजण कोण ठेवतं? त्यातून लोकांनी निवड सुरू केली. ज्या घरातली माणसं जास्त तरतरीत दिसायची, त्याच घराचं विरजण मागायचं. "त्यांचं दही फार गुणाचं आहे हो!" म्हणजे सर्वांत जोरकस जिवाणू तेवढा पुढे, सौम्य तेवढा मागे. प्रयोगशाळेला जे जमायला वर्षं लागली असती ते आमच्या कॉलनीतल्या बायकांनी वाटी-चमच्याने आठ महिन्यांत केलं.

याच काळात माझी मुलगी सानिका बाळंतपणाला माहेरी आली. जावई बंगळूरला. पाचव्या महिन्यातच तिच्या गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालावा लागला होता. आमच्या डॉ. इनामदार मॅडमनी तिला तपासून स्पष्ट सांगितलं, "बाथरूमला जाण्यापुरतं उठायचं. बाकी पलंग सोडायचा नाही. टाका म्हणजे काही कुलूप नव्हे."

मी अगदीच मूर्ख नव्हते. सानिकासाठी मी वेगळा छोटा सट ठेवला. त्यात माझ्या सासूबाईंच्या विरजणाचं दही, पंचवीस वर्षं घरात चालत आलेलं. त्याला चमचाही वेगळा. पोरीला दहीभाताचेच डोहाळे होते, दोन वेळा तेवढंच खायची. मी आमच्या यांना बजावलं, "दोन्ही दह्यांची गल्लत करायची नाही. माझ्या भांड्याला हात लावायचा नाही."

हे, म्हणजे जयसिंगराव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. दह्याचा एक चमचा पोटात गेला की यांना आठवडाभर सर्दी, त्यामुळे कॉलनीत आळशी म्हणावेत असे आता हेच एकटे उरले होते. स्वयंपाकघरही यांच्याकडेच आलं होतं. कारण मी घरात कुठे असायची? सकाळी गड, दुपारी 'चार भिंती'ची टेकडी, संध्याकाळी पुन्हा गड. लेक सात महिन्यांची गरोदर पलंगावर पडून, आणि आई पायात बूट घालून दारात.

"आई, जरा बस की माझ्याजवळ," ती म्हणायची.

"आलेच, एक फेरी मारून."

काहीतरी बिघडलंय हे डोळ्यांना दिसत होतं. चौकातले कट्टे ओस पडले. लग्नाच्या पंगती मोडल्या, लोक ताट हातात घेऊन मांडवभर फिरत जेवायचे. एकदा गडाच्या वाटेवर शेडगे काका माझ्यापुढे चालत होते. त्यांच्या उजव्या चपलेतून रक्त निथळत होतं.

"काका, टाच बघा तुमची!"

त्यांनी वळून पाहिलं आणि हसले. "ठावं हाय की. दुखतंया. पर ग्वाड दुखतंया गं."

तरी मी थांबले नाही, त्यांच्या मागून वर गेले.

नंतरच्या मंगळवारी, दिवसातली तिसरी चढण चढताना, गडाच्या दुसऱ्या वळणावर काका कोसळले. मी दहा पावलं मागे होते. धावत गेले, गुडघे टेकले, छाती दाबायला लागले. त्यांच्या मनगटावरची पट्टी बोलत होती, "शाबास काका, आज चोवीस हजार पावलं!" मी मदतीसाठी वर पाहिलं. भोवती तीस-चाळीस माणसं गोळा झाली होती, सगळे ओळखीचे, सगळ्यांचे चेहरे भेदरलेले. आणि सगळ्यांचे पाय जागच्या जागी चालत होते. डावा, उजवा, डावा, उजवा. एकाच्याही ते लक्षात नव्हतं. मी खाली पाहिलं तर गुडघ्यावर बसलेल्या माझ्याही पायांची बोटं डांबर उकरत होती.

काका तिथेच गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्या बायका शेडग्यांकडे बसायला गेलो. बसायला म्हणायचं एवढंच. सतरंजी रिकामी होती. बायका डोळ्याला पदर लावून अंगणात गोल गोल फिरत होत्या आणि मधोमध काकू रडत येरझाऱ्या घालत होत्या. मला तिथे भय वाटलं, कारण हे सगळं कशाने झालंय ते त्या अंगणात मला एकटीला माहीत होतं. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. भिंतीपलीकडे आमचं घर, आमच्या हॉलची खिडकी.

खिडकीतून सानिकाचं डोकं डावीकडून उजवीकडे गेलं. थोड्या वेळाने उजवीकडून डावीकडे. मग पुन्हा डावीकडून उजवीकडे.

मी कशी धावले ते मला आठवत नाही. सानिका हॉलमध्ये दोन्ही हातांनी पोट धरून चालत होती. चेहरा घामाने चमकत होता.

"किती वेळ चालते आहेस?"

"सकाळपासून. आई, किती बरं वाटतंय! पडून पडून जीव आंबला होता नुसता."

टीपॉयवर दहीभाताची वाटी होती. मी उचलून नाकाशी नेली. हिरवी काकडी.

"अहो!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. हे स्वयंपाकघरातून आले. "हे दही कुठलं? सानिकाचं वेगळं होतं ना?"

यांनी मान खाली घातली. "मागच्या आठवड्यात विरजणाला ठेवायचं राहिलं. सगळंच तिला वाढलं. तू ओरडशील म्हणून बोललो नाही. तुझ्या भांड्याला हात लावायचा नाही म्हणाली होतीस, म्हणून मी ते नाही घेतलं, शेजारून आणलं. शेडगे काकूंकडून. अगं, विरजणच तर होतं!"

शेजारून आणलं. माझंच विरजण, आठ महिने गावभर फिरून, दसपट होऊन, माझ्या लेकीच्या वाटीत आलं होतं. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की सबंध साताऱ्यात आता दुसरं विरजण उरलेलंच नसेल.

"सानिका, झोप. आत्ता. पलंगावर."

"हो, एकच फेरी," ती म्हणाली, आणि वळताना तिच्या पांढऱ्या गाऊनवर मागे लाल डाग दिसला.

इनामदार मॅडमना मी सगळं सांगितलं. कॅप्सूल, दही, भिंतीवरून गेलेली वाटी, सगळं. त्या ऐकत होत्या तशा पांढऱ्या पडत होत्या, कारण त्यांच्या घरचं विरजणही आमच्याच कॉलनीतलं होतं.

"हे जिवाणू मारायचं औषध आहे," त्या म्हणाल्या, "बाळाला न दुखावणारं. पण असर व्हायला तीन दिवस लागतील. टाका निसटायला आलाय, काकू. तिसावा आठवडा आहे. या तीन दिवसांत ती उभी राहिली तर बाळ हातात येईल, आणि ते जगेल का हे मी सांगू शकत नाही."

"मग गुंगीचं इंजेक्शन द्या!"

"तीन दिवसांची गुंगी बाळाला झेपायची नाही. तिला शुद्धीत राहूनच पडून राहावं लागेल."

ते तीन दिवस विसरू म्हटलं तरी विसरता येत नाहीत. पलंगाचं पायथ्याचं अंग उंच केलं होतं. सानिका छताकडे बघत पडलेली, आणि चादरीखाली तिच्या पोटऱ्या फडफडत होत्या.

"आई, मला सगळं कळतंय गं," ती म्हणाली. "उठले तर बाळ जाईल. शब्दन् शब्द कळतोय. तरी पाय म्हणतायत, एकच फेरी, काही होत नाही. आई, हे माझेच पाय आहेत ना?" तिचे दात वाजत होते. "माझा माझ्यावर भरवसा नाही. बांध मला."

मी माझी जुनी सुती साडी फाडली आणि पोटच्या पोरीचे पाय पलंगाला बांधले. हे करताना मी स्वतः जागच्या जागी चालत होते. तिच्याबरोबर मीही औषध सुरू केलं होतं, पण त्या तीन दिवसांत लेकीच्या उशाशी मला पाच मिनिटंसुद्धा बसता आलं नाही. बसले हे. तिच्या घोट्यांवर दोन्ही हात ठेवून, जेवणाव्यतिरिक्त न हलता, तीन दिवस. गेले कित्येक महिने ज्या आळसावरून मी यांना टोचून बोलले, त्या आळसाने माझं नातवंड धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कळा सुरू झाल्या. सानिका ओरडली, "सोडा मला, चालले की थांबतील!" आणि गाठीला हिसके द्यायला लागली. मी तिच्या अंगावर आडवी पडले. तिचं पोट माझ्या पोटाला लागलं आणि आतून बाळाने लाथ मारली. एक, मग दुसरी, मग तिसरी, एका लयीत. मी मॅडमकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "सगळी बाळं मारतात, काकू," आणि घाईने बाळाचे ठोके पुन्हा मोजायला लागल्या.

संध्याकाळी कळा थांबल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी सानिकाने जांभई दिली. मोठी, तोंड भरून. "आई, दमले गं," ती म्हणाली, आणि मी ढसढसा रडले. 'दमले' हा शब्द मला इतका प्रिय कधी वाटला नव्हता.

पुढचं सरकारी कामकाज सांगत बसत नाही. मी आरोग्य खात्याला लेखी कळवलं. गल्लोगल्ली गाडी फिरली, घरोघरचं दही गटारात गेलं, सगळ्यांना गोळ्या वाटल्या. आठवड्याभरात चौकातले कट्टे पुन्हा भरले. शेडगे काकूंना मी समोर बसून सांगितलं, "काकू, ते विरजण माझं होतं. काकांना मी मारलं."

त्या उठून अंगणात गेल्या आणि चालायला लागल्या. त्यानंतर रोज त्या मला खिडकीतून चालताना दिसायच्या. मला वाटलं, दुःखाने चालत असतील. मी त्यापुढे विचार केलाच नाही.

आणि मी? माझे पाय गप्प झाले. साखर वाढली. सकाळी उठले की वाटायचं, अंगावर कुणीतरी ओली गोधडी टाकली आहे. चहाचा कप उचलायचा म्हणजे मनाची तयारी करावी लागायची. खुर्चीतून गड दिसायचा आणि मी मान वळवून घ्यायची. माणूस मेलं, लेक मरता मरता वाचली, तरी मला त्या हलक्या अंगाची आठवण यायची. ही गोष्ट मी कुणालाही बोलले नाही. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

सदतिसावा आठवडा पूर्ण झाला. टाका काढून बाळंतपण करायचं ठरलं. सकाळी नऊला गाडी फाटकाशी उभी राहिली. हे बॅग ठेवत होते, सानिका माझ्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरत होती. इतक्यात शेडगे काकू लगबगीने आल्या. हातात चांदीची छोटी वाटी.

"पहिलटकरीण निघाली आन् हातावर दही न्हाई? तुमच्या घरात तर थेंब नसंल. थांब पोरी, हात पुढं कर."

कितीतरी पिढ्यांची सवय. सानिकाने नमस्कार केला आणि उजवा तळहात पुढे धरला. काकूंनी त्यावर चमचाभर दही ठेवलं.

वास माझ्यापर्यंत आला. हिरवी काकडी. मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत वैर नव्हतं, नुसती माया होती. पदराखाली मात्र त्यांचे पाय जागच्या जागी चालत होते.

"काकू, हे कुठलं?"

"घरचंच की. समदं वतून टाकलं व्हतं, एक वाटी ठिवली. त्यांच्या माघारी मला सकाळी उठवतंय कोण? ह्ये उठवतंय." त्या ओशाळं हसल्या. "येवढ्यानं काय हुतंय? बोटभर तर हाय."

सानिकाचा हात तोंडाकडे निघाला होता. मी तिचं मनगट पकडलं. फाटकाशी नळ होता. खांद्यावर पदर होता. बाजूला जास्वंदीचं आळं होतं. हात झटकला असता तरी चाललं असतं. मी वाकले आणि तिच्या तळहातावरचं दही चाटून घेतलं, शेवटच्या कणापर्यंत.

"आई!" सानिका किंचाळली. काकूंनी तोंडावर हात घेतला. यांच्या हातातली बॅग पडली. मग सानिका माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. शकुनाचं दही टाकायचं नाही आणि लेकीला खाऊ द्यायचं नाही, म्हणून आईने स्वतः गिळलं, असं सगळ्यांना वाटलं. कॉलनीत अजून तसंच सांगतात.

मला नळ दिसला होता.

सानिकाला मुलगी झाली. पावणेतीन किलो, निवांत, दूध पिऊन तीन-तीन तास झोपणारी. मी तिला दवाखान्यात काचेतून पाहिलं. मॅडमनी माझ्या हातात गोळ्यांचं पाकीट दिलं आणि सांगितलं, "हा कोर्स पूर्ण होईपर्यंत बाळाला हात लावायचा नाही, काकू. तान्ह्या बाळाचं पोट म्हणजे नुसतं नांगरलेलं रान. पहिल्यांदा जे पेराल तेच उगवेल."

एका चमच्याचं दही पंधरा दिवसांत पोटातून निघून जातं. माझं नाही गेलं, कारण रोज सकाळी मी भिंतीपाशी वाटी घेऊन उभी राहते. काकू चमचाभर घालतात. त्यांना कळतं, मलाही कळतं. यांना ठाऊक नाही.

बारसं झालं. सगळ्यांनी बाळ हाताळलं, मी उंबऱ्याबाहेरून टाळ्या वाजवल्या. सानिका अधूनमधून विचारायची, "आई, गोळ्या संपल्या का?" मी म्हणायची, "संपत आल्या." पाकीट ओट्याच्या खणात आहे, चिकटपट्टीसुद्धा काढलेली नाही. साखर अगदी ताब्यात आहे. पट्टी मला रोज शाबासकी देते.

आज दुपारी सानिका बंगळूरला परत निघाली. हे तिला स्टेशनवर सोडणार होते, सामान गाडीत गेलं. ती बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन माझ्यासमोर आली. "आई, आज तरी घे. तीन महिन्यांत एकदाही घेतलं नाहीस. गोळ्या संपल्याच असतील आता. बस ना जरा, मांडीवर देते."

मी बसायला गेले. देवाशपथ सांगते, मी मांडी घालायचा प्रयत्न केला. डावा पाय दुमडला, उजवा दुमडेना. त्या एवढ्याशा तोंडाकडे पाहिलं आणि माझ्या हातांची, माझ्या श्वासाची मला एवढी भीती वाटली की मी उठले.

"आलेच," मी म्हणाले, "एक फेरी मारून."

फेरी किती लांबली ते कळलं नाही. मी गडाच्या दुसऱ्या वळणावर होते, काका पडले होते तिथे, तेव्हा खाली कॉलनीच्या रस्त्याने आमची पांढरी गाडी जाताना दिसली. मी हात हलवला. मग टाचेत काहीतरी ओलं लागलं म्हणून खाली पाहिलं. दुखत होतं. फार दुखत होतं, आणि गोड दुखत होतं, आणि माझे पाय वर चढत होते.

आता घरी आले आहे. हे स्टेशनवरून परतायचे आहेत. खण उघडून पाकीट समोर ठेवलं आहे. दहा गोळ्या, रोज एक. घ्यायच्या आहेतच. उद्यापासून.